सॉफ्ट कोरल मिटून बसलंय? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

मासे व्यवस्थित खातायत, पाणी स्वच्छ दिसतंय, पण एखादं कोरल चार दिवस झाले तरी उघडत नाही. खाऱ्या पाण्याच्या टँकमधली सर्वांत नेहमीची तक्रार हीच. बहुतेक वेळा कारण साधं आणि स्वस्तात सुटणारं असतं. कोरल मरतं ते मूळ कारणाने कमी, आणि घाबरून एकाच दिवशी केलेल्या पाच उपायांनी जास्त. म्हणून खालच्या तपासण्या दिल्यात त्याच क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन ते पाच दिवस थांबा.

इथे झोआन्थिड (झोआ), मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया अशा सॉफ्ट कोरलचाच विचार केलाय, आणि त्याला कारण आहे. सांगाडा बांधणारी सगळी कठीण कोरलं, समुद्रपंखे, काळं कोरल, ऑर्गन पाइप आणि फायर कोरल हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात येतात. २०२० साली मुंबईच्या कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरच्या कोरल वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही वन खात्याची परवानगी घ्यावी लागली. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी घेऊ नका, आणि मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरून काही उचलून आणू नका. दुबईत किंवा न्यू जर्सीत कायद्याने कठीण कोरल पाळणाऱ्या वाचकांना पाण्याच्या तपासण्या याच लागू पडतील, फक्त केएच (पाण्याची अल्कलाइनिटी, म्हणजे आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवण्याची ताकद) आणि कॅल्शियमच्या बाबतीत त्यांनी जास्त काटेकोर राहायला हवं.

लक्षणं ओळखा

झोआ: पॉलिप (कोरलचे फुलासारखे छोटे जीव) बंद, वर पांढुरका थर किंवा बारीक पुटकुळ्या. देठ लांबत चाललेत का, की पॉलिप विरघळल्यासारखे आक्रसतायत? लांबलेले देठ बहुधा कमी उजेड सांगतात. आक्रसणं हे पाणी बिघडल्याचं किंवा कीड लागल्याचं लक्षण.

मशरूम: चकती आकसते, कडा आत वळतात, तोंड उघडं राहून आतले पांढरे धागे बाहेर दिसतात, किंवा मशरूम दगड सोडून तरंगायला लागतं. दगड सोडणं म्हणजे जवळजवळ नेहमीच ‘इथला प्रवाह किंवा उजेड मला नको’.

लेदर: पॉलिप आत, मान पडलेली, अंगावर मेणासारखी चकाकी. ही कात टाकण्याची क्रिया असू शकते. तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत चालते आणि नवीन जागी ठेवलेल्या लेदरमध्ये हमखास होते. थर आपोआप सुटतो, बोटाने सोलू नका. देठ टणक असेल तर काळजी नाही. देठ मऊ, काळपट आणि दुर्गंधी येणारा असेल तर ती सड.

रंग उडणं वेगळं आणि ऊती गळणं वेगळं. कोरलच्या पेशींमध्ये झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. प्रकाशातून अन्न तयार करून ते कोरलला देतं, आणि तपकिरी रंग त्याचाच असतो. पाणी तापलं किंवा उजेड अचानक वाढला की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं आणि फिकं पडतं. फिकं पडलेलं, पण पॉलिप बाहेर काढणारं कोरल जिवंत असतं. उपाशी असतं एवढंच. ते काही आठवडे तग धरतं आणि परतही येतं. ऊती झडून खाली नुसता दगड दिसत असेल तर तेवढा भाग परत येत नाही. उरलेला वाचवायचा.

पहिल्या दिवशी करू नयेत अशा गोष्टी

कोरल हलवू नका. अर्धं पाणी बदलू नका. दुकानातून ‘कोरल टॉनिक’ आणून ओतू नका. मिटलेल्या कोरलवर पिचकारीने खाऊ सोडू नका, ते खाणार नाही आणि खाऊ तिथेच कुजेल. फक्त एक फोटो काढा, पांढऱ्या दिव्यात, आणि रोज त्याच वेळी त्याच जागेवरून काढत राहा. निळ्या दिव्यात फिकेपणा लपतो.

अपवाद एकच: काही कुजल्याचा वास येत असेल, मेलेली गोगलगाय किंवा मासा दगडामागे असेल, तर तो लगेच बाहेर काढा.

१. नुसतं बघा, दिवसा आणि रात्री

दिवसा दहा मिनिटं टँकसमोर शांत बसा. कोण टोचतंय? बटू एंजलफिश आणि बटरफ्लाय मासे पॉलिप कुरतडतात. वाळू चाळणारा गोबी झोआवर वाळूचा पाऊस पाडतो. हर्मिट खेकडा रोज त्याच वसाहतीवरून चालत असेल तर तीही बिचारी कंटाळून बंद राहते. मिटण्याचं कारण इतकं क्षुल्लक असू शकतं.

दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून पुन्हा बघा. झोआ खाणारे न्युडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) ज्या रंगाचे झोआ खातात त्याच रंगाचे होतात, त्यामुळे दिवसा दिसत नाहीत. वसाहतीच्या कडेला आणि देठांच्या मध्ये शोधा. काळ्या-पांढऱ्या चौकटींची चपटी शंखाची गोगलगाय दिसली तर ती सनडायल, तीही झोआच खाते. चिमट्याने काढून टाका. आयप्टेशिया, म्हणजे काचेसारखं पारदर्शक, लांब शुंडकांचं ॲनिमोन कोरलला टेकत असेल तर तेही कारण असतं. ते खरवडू मात्र नका. उरलेल्या तुकड्यांतून नवीन उगवतात.

दगडावर बारीक नळ्या आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे निघत असतील तर ते व्हर्मेटिड गोगलगायीचं काम. नळीच्या तोंडावर कोरल चिकटवायच्या सुपरग्लू जेलचा थेंब टाका, काम झालं.

२. तापमान

सॉफ्ट कोरलला २४ ते २७ अंश बरं. २८ पर्यंत ओढतात, २९ च्या वर दिवसांमागून दिवस गेले की रंग उडायला लागतो. एकच आकडा पुरेसा नाही. सकाळी सहाला, दुपारी तीनला आणि रात्री दिवे बंद होताना असं तीनदा मोजा. दिवसाची चढउतार दीड अंशाच्या आत हवी. मे महिन्यात दिवसभर बंद असलेल्या फ्लॅटमध्ये दुपारचं तापमान कुणीच बघत नाही आणि संध्याकाळी एसी लागल्यावर पाणी ‘ठीक’ दिसतं.

पाण्यावर वाकडा लावलेला छोटा पंखा बाष्पीभवन वाढवून दोन-तीन अंश खाली आणतो. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय फार चांगला चालतो. मुंबई-कोकणात, विशेषतः जुलैमध्ये, हवाच ओली असल्याने पंख्याचा उपयोग फारसा होत नाही. तिथे काचेचं झाकण काढून जाळी बसवा, दिवे दुपारऐवजी संध्याकाळी सातनंतर चालवा, पाण्याखालचा जास्तीचा पंप बाहेर काढा. पंपाची बरीचशी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच जाते. तरीही २९ च्या वर राहत असेल तर खोलीचा एसी किंवा चिलर, दुसरा मार्ग नाही.

बर्फाच्या बाटल्या फक्त वीज गेल्यावर. तासाला एक अंशापेक्षा वेगाने उतरवू नका. थंडीत उलटा त्रास होतो: हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला तर तो बंदच होत नाही. म्हणून हीटर वेगळ्या तापमान-नियंत्रकामार्फत लावलेला बरा.

३. क्षारता

हवी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे २५ अंशाला सुमारे १.०२६ घनता. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. टँकमध्ये निव्वळ १०० लिटर पाणी असेल आणि ४ लिटर उडालं तर ३५ चं ३६.५ झालं. पंखा लावल्यावर एवढं दोन दिवसांत उडू शकतं. म्हणून रोज भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या नव्हे.

इथे खरी अडचण मोजमापाची असते. प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर बुडबुडा किंवा मिठाचा कण चिकटला की आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर चांगला, पण तो साध्या पाण्यावर शून्याला जुळवला म्हणजे ३५ लाही बरोबर दाखवेल असं नाही. त्याला ३५ च्याच द्रावणावर जुळवा. घरी करायचं असेल तर १९२७ ग्रॅम आरओ पाण्यात ७३ ग्रॅम साधं मीठ पूर्ण विरघळवा. वजन काट्यावरच करा, मापाच्या भांड्यावर विसंबू नका. या द्रावणाचा प्रकाश वाकवण्याचा गुण ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतका असतो. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि रिफ्रॅक्टोमीटरचा स्क्रू याच्यावर ३५ ला आणा. हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी आहे, वीजवाहकता मोजणाऱ्या मीटरला चालणार नाही.

दुरुस्ती दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त नको. १०० लिटरमध्ये ३८ असेल तर एकूण ८ लिटर टँकचं पाणी काढून तेवढंच आरओ घालायचं, पण तीन दिवसांत वाटून. क्षारता कमी असेल तर उलटं: रोजची भर काही दिवस आरओऐवजी ३५ च्या खाऱ्या पाण्याने घाला. दोन लिटरच्या भरीने १०० लिटरमध्ये साधारण ०.७ पीपीटी वाढते. मिठाचे खडे थेट टँकमध्ये टाकू नका. न विरघळलेला खडा कोरलवर पडला तर तिथली ऊती जळते.

किनाऱ्यावरून आणलेलं समुद्राचं पाणी वापरणारे काहीजण आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर सांडपाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात नदी-नाल्यांच्या पाण्याने क्षारता खाली जाते. पाण्याचा खर्च वाचवून कोरल घालवण्यात अर्थ नाही.

४. भर घालायचं पाणी, आणि घरातला आरओ

ही तपासणी सर्वांत जास्त वेळा सुटते. स्वयंपाकघरातल्या आरओला बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. चवीसाठी तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. त्यामुळे पिण्याच्या नळाला टीडीएस ४०, ६०, कधी १०० सुद्धा येतो. टँकसाठी शून्य हवा, ५ पर्यंत चालेल. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये टीडीएस महिन्या-महिन्याला बदलतो आणि मेंब्रेन लवकर थकतं. रोज दोन लिटर भर घालताना त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट टँकमध्ये साचत जातं, कारण उडतं ते फक्त पाणी. काचेवर तपकिरी थर सतत येत असेल तर सिलिकेटचा संशय घ्या.

त्याहून वाईट म्हणजे ‘कॉपर’वाला आरओ. हे यंत्र पाण्यात मुद्दाम तांबं सोडतं. माणसाला चालणारं हे तांबं कोळंबी, गोगलगाय आणि कोरल यांना अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे, आणि तेही उडत नाही, रोज साचतं. टीडीएस मीटरवर ते कळणार नाही. तांब्याच्या हंड्यात किंवा पितळेच्या घागरीत साठवलेलं पाणी, पितळी नळ, माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध, हे सगळं याच यादीत. आधी क्लीनर कोळंब्या मेल्या, मग गोगलगायी काचेवरून गळल्या, मग झोआ बंद पडले, असा क्रम दिसला तर तांब्याची टेस्ट करा.

उपाय असा: मेंब्रेनमधून शुद्ध पाणी बाहेर येणारी नळी टीडीएस कंट्रोलर, मिनरल आणि कॉपर कार्ट्रिजच्या आधी टी लावून वेगळी काढा आणि तिला डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषणारी) कार्ट्रिज जोडा. आरओचा तंत्रज्ञ हे काम सहज करतो. साठवण खाद्यपदार्थांच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये. तांबं सापडलं असेल तर चांगल्या पाण्याने दर दोन दिवसांनी १५ टक्के बदल करा आणि धातू शोषणारं रेझिन फिल्टरमध्ये ठेवा.

५. खोलीची हवा

स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि एअर पंप खोलीतली हवा सतत पाण्यात मिसळत असतात. डासांच्या लिक्विड मशीनमध्ये आणि फवाऱ्यात पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं असतात. ती मासे आणि कवचधारी जीवांना अत्यंत विषारी आहेत. टँकच्या खोलीत ती वापरू नका. सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा घरात रंगकाम असेल तर त्या वेळी स्किमर बंद ठेवा, एअर पंपाची नळी खिडकीबाहेरून हवा घेईल अशी लावा, टँक ओल्या चादरीने झाका आणि नंतर फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कार्बन घाला. धूप, उदबत्ती, फवाऱ्याचे सुगंध हेही शक्य तितके दूर. हातांना लोशन किंवा डासांचं क्रीम लावून टँकमध्ये हात घालणं तर नकोच.

६. प्रवाह

झोआला मध्यम, मशरूमला मंद, लेदरला मध्यम ते जोरदार पण फिरता प्रवाह. पॉवरहेडचा (पाण्यात प्रवाह करणाऱ्या छोट्या पंपाचा) झोत एकाच बाजूने सरळ अंगावर येत असेल तर कोरल त्या बाजूने बंद राहतं आणि ऊती खरवडली जाते. झोत काचेवर आपटवून फोडा. उलट प्रवाह अगदीच कमी असेल तर लेदरची कात सुटत नाही आणि तिच्याखाली सड सुरू होते. पाण्यातली धूळ पॉलिपवर बसून राहते का बघा. पॉवरहेड सहा महिने साफ केला नसेल तर आधी तो उघडून पांढऱ्या व्हिनेगर-पाण्यात अर्धा तास बुडवा. बऱ्याचदा ‘प्रवाह कमी पडतो’ म्हणून नवीन पंप घेतला जातो आणि जुना फक्त चुन्याने भरलेला असतो.

७. उजेड

नवीन एलईडी बसवला, जुन्याची काच पुसली, पिवळटलेलं पाणी कार्बनने स्वच्छ केलं: तिन्हींचा परिणाम सारखाच, उजेड एका दिवसात वाढतो. वरचा भाग फिका आणि सावलीतला भाग ठीक असेल तर हेच. तीव्रता अर्ध्यावर आणा आणि आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढवा, किंवा दिवा दहा सेंटिमीटर वर घ्या. झोआ आणि मशरूमला ५० ते १५० पार (झूझॅन्थेलीला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो, लेदरला १०० ते २००. मोबाइलच्या लक्स ॲपवर विश्वास ठेवू नका. निळ्या उजेडात ते साफ चुकतं. रोज ८ ते १० तास, टायमरवर. हाताने चालू-बंद करणाऱ्यांच्या टँकमध्ये रविवारचे दिवे चौदा तास चालतात.

८. केएच, आणि मगच बाकीचे आकडे

इथून पुढे टेस्ट किट लागतात. सर्वांत आधी केएच. ७ ते ९ डीकेएच ठेवा. आकड्यापेक्षा तो स्थिर असणं महत्त्वाचं. आठवर रोज राहणारा टँक चांगला. सोमवारी साडेसहा आणि शुक्रवारी दहा असा हेलकावे खाणारा वाईट.

कमी आला तर आधी किट तपासा, मुदत संपलेली किट भलतंच सांगतात. ३ ग्रॅम खाण्याचा सोडा १ लिटर आरओ पाण्यात विरघळवा. त्यातले १०० मिली घेऊन आरओने पुन्हा १ लिटर करा. या पाण्याचा केएच १० यायला हवा. आठ किंवा बारा दाखवत असेल तर किट फेका.

वाढवायचा असेल तर १०० लिटरमध्ये ३ ग्रॅम खाण्याच्या सोड्याने १ डीकेएच वाढतो. अर्धा लिटर आरओमध्ये विरघळवून जोरदार प्रवाहात हळूहळू ओता. दिवसाला १ डीकेएचच्या वर नाही, कोरल आजारी असेल तर अर्धा. डब्यावर घटक म्हणून फक्त सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं असावं. बेकिंग पावडर नको, त्यात आम्ल आणि पीठही असतं. धुण्याचा सोडा वेगळा, त्याने पीएच एकदम उडतो.

सॉफ्ट कोरल कॅल्शियम फारसं खात नाहीत. ते ४०० ते ४५० पीपीएम आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएमच्या आसपास असेल तर पुढे चला. पीएच ७.८ ते ८.४ मध्ये कुठेही चालेल. बंद एसीच्या खोलीत माणसांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने तो उतरतो. खिडकी उघडा. पीएच वाढवण्याची पावडर घालू नका, तिने केएच बिघडतो आणि पीएच दोन दिवसांत पुन्हा तिथेच येतो.

अमोनिया शून्य हवा. नायट्रेट ५ ते २० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. सॉफ्ट कोरलच्या बाबतीत ‘शून्य’ ही चांगली बातमी नसते. दोन्ही शून्य असताना झोआ फिके पडून आक्रसतात आणि वाळूवर बुडबुडे असलेला तपकिरी चिकट डायनोफ्लॅजेलेट्सचा थर यायला लागतो. अशा वेळी स्किमर रोज काही तास बंद ठेवा, फॉस्फेट काढणारं माध्यम काढून टाका आणि माशांना थोडं जास्त खायला घाला. नायट्रेट-फॉस्फेट जास्त असेल तर गोठवलेला खाऊ गाळणीत धुऊन घाला आणि आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला. फॉस्फेट एका दिवसात ०.५ वरून शून्यावर आणणारं माध्यम टाकलं की कोरल आणखीच बसतं.

९. शेजारी आणि कार्बन

लेदर कोरल पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांची वाढ दाबतं. ते न टेकताही हे होतं. कात टाकताना जास्त. लहान टँकमध्ये मोठं लेदर आणि त्याच्याभोवती मिटलेले झोआ असं चित्र असेल तर सक्रिय कार्बन लावा: १०० लिटरला सुमारे ५० ग्रॅम, आरओ पाण्यात काळं पाणी जाईपर्यंत धुऊन, जाळीच्या पिशवीत, पाणी त्यातून जाईल अशा जागी. पाणी पिवळट असेल तर पहिल्या आठवड्यात निम्माच घाला, कारण वर म्हटल्याप्रमाणे उजेड वाढतो. दर तीन आठवड्यांनी बदला.

१०. डिप, तेही झोआला जपून

वरच्या नऊ गोष्टी ठीक आहेत आणि कीड दिसली आहे, किंवा पुटकुळ्या आहेत, तरच इथे या. कारणाशिवाय दिलेला डिप (औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं) हा आजारी कोरलवर आणखी एक घाव.

आधी धोका. झोआन्थिड आणि विशेषतः पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत तीव्र विष असू शकतं. झोआ असलेला दगड उकळू नका, गरम पाण्यात घालू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, कोरडा ब्रशने घासू नका. वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं एकदम आजारी पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. नायट्रिलचे हातमोजे, बंद गॉगल, उघडी खिडकी, हातावर जखम नको, मुलं आणि कुत्रा-मांजर खोलीबाहेर.

टँकचंच पाणी दोन डब्यांत दोन-दोन लिटर घ्या. एकात आयोडीनचा किंवा कोरलसाठीचा डिप, लेबलवरच्या मात्रेने. दुसरा धुण्यासाठी. लेबलवर असेल तेवढीच मिनिटं कोरल हलवत ठेवा, पिपेटने टँकचं पाणी देठांमध्ये सोडा, म्हणजे न्युडिब्रँक सुटून पडतात. मग दुसऱ्या डब्यात धुऊन टँकमध्ये. डिपचं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. डिपने अंडी मरत नाहीत. जेलीसारखी वेटोळी अंडी दिसली तर चिमट्याने काढा आणि सात-सात दिवसांनी आणखी दोनदा डिप करा. एकदा करून सोडलं की दहा दिवसांत कीड परत.

११. कापणं

सडलेलं लेदर वाचवायचा हा शेवटचा उपाय. दगडासकट टँकबाहेर काढा, नवीन ब्लेडने सडीच्या वर किमान एक सेंटिमीटर, निरोगी टणक भागातून एका घावात आडवं कापा. कापलेली बाजू आतून एकसारख्या रंगाची हवी. काळी रेघ दिसली तर आणखी वर कापा. तुकडा टँकच्या पाण्यात चांगला धुवा आणि प्लॅस्टिकच्या जाळीच्या टोपलीत दगडांच्या बारीक तुकड्यांवर, मध्यम प्रवाहात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तो दगड धरतो. पहिल्या आठवड्यात टँकमध्ये ताजा कार्बन असायलाच हवा, कापलेलं लेदर भरपूर रस सोडतं. पॉलिप उघडायला लागेपर्यंत उजेड निम्मा ठेवा आणि खाऊ घालू नका. झोआ मात्र घरी कापू नका. पॉलिप कापताना रस थेट डोळ्यात उडतो.

थांबा आणि माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या तर टँकचं मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. पाण्यात कुठला पंप किंवा हीटर गळतोय हे हाताने शोधू नका. टँकच्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या.

झोआ हाताळल्यावर तोंडात धातूची चव, ओठ बधिर, छातीत जडपणा, ताप-थंडी किंवा डोळ्यांत जळजळ झाली तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि हॉस्पिटलमध्ये जा. डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द लिहून द्या. डोळ्यात उडालं असेल तर आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. सकाळपर्यंत वाट बघू नका.

चिलर चालतोय पण गार करत नाही, तर गॅस किंवा कॉम्प्रेसर, रेफ्रिजरेशनवाल्याचं काम. टँकच्या सिलिकॉन जोडातून पाझरतंय तर वरून सिलिकॉन फासणं उपयोगाचं नाही.

अमोनिया चढतोय आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त जीव गेले तर तो एका कोरलचा प्रश्न राहिला नाही. उरलेले जीव ३५ च्या ताज्या खाऱ्या पाण्याच्या टबात हलवा, हवा चालू करा आणि सागरी टँकची देखभाल करणाऱ्या अनुभवी माणसाला बोलवा. टँकमध्ये प्रतिजैविकं टाकायचा सल्ला मिळाला तर जलचरांच्या पशुवैद्याला विचारल्याशिवाय टाकू नका. दगडातले अमोनिया पचवणारे जिवाणूही त्यात मरतात.

पूर्ण काळी, वास येणारी वसाहत ठेवून चमत्कार होत नाही, तिने बाकीचं पाणी बिघडतं. हातमोजे घालून ती दगडासकट काढा, दोन पिशव्यांत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. खाडीत किंवा समुद्रात सोडू नका, टँकमधले परके जीव आणि रोग तिथल्या खडकांवर जातात. झोआ असलेला दगड धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळा. पुढचं कोरल त्या जागी ठेवण्याआधी तापमान, क्षारता आणि केएच सलग दोन आठवडे रोज लिहून काढा, आणि तिन्ही ओळी सपाट दिसल्या तरच दुकानात जा.